वीस मिलिग्रॅमपासून

पाच आकडे आहेत: २०, ५०, १००, २००, ४००. आठवड्याला एक. मनातल्या मनात ते सावकाश म्हणा, प्रत्येकानंतर थोडं थांबून.

व्हेनेटोक्लॅक्स नावाच्या औषधाचे हे मिलिग्रॅम आहेत. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, डॉक्टरांच्या रोजच्या बोलण्यातला सीएलएल, हा सावकाश वाढणारा रक्ताचा कॅन्सर. त्यावर हे औषध गोळ्यांच्या रूपात देतात. पहिल्या आठवड्यात रोज वीस, पाचव्यापासून रोज चारशे. पूर्ण डोस पहिल्याच दिवशी देत नाहीत. मननासाठी आज एवढाच प्रश्न घेऊ: सुरुवात वीसपासून का?

शरीराला सवय व्हावी म्हणून, असं उत्तर चटकन सुचेल. ते तूर्त बाजूला ठेवा. खरं उत्तर काही माणसांच्या अंगावरून गेलेलं आहे आणि तिथवर जायला थोडी वाट चालावी लागेल.

आधी स्वतःच्या रक्ताकडे लक्ष न्या. तुम्ही हे वाचत असताना तुमच्या शरीरात असंख्य पेशी मरताहेत. दुखत नाही, कळतही नाही. पांढऱ्या पेशींमधल्या लिम्फोसाइट शरीर भरपूर बनवतं, त्यातल्या थोड्या ठेवतं आणि उरलेल्यांना मरायला सांगतं; त्या मुकाट मरतात. हे रोजचं मरण आहे म्हणून आपण धडधाकट आहोत. या वाक्यापाशी जरा रेंगाळा. आपल्याकडे मरणावर विचार करायची सवय जुनी आहे, पण आपण विचार करतो तो अख्ख्या माणसाच्या मरणाचा. पेशीच्या मरणाचा विचार वेगळा आहे, त्यात भीती नाही.

सीएलएलमध्ये बिघडतं ते नेमकं हेच. मरायची वेळ झालेल्या पेशी मरत नाहीत. त्या भराभर वाढतात म्हणून नव्हे, तर जात नाहीत म्हणून रक्तात, गाठींमध्ये, हाडांच्या मगजात साचत राहतात. त्यांना धरून ठेवणाऱ्या प्रथिनाचं नाव बीसीएल-२. त्याचा जीन सापडला १९८० च्या दशकात, दुसऱ्याच एका लिम्फोमातल्या तुटून भलतीकडे जोडल्या गेलेल्या गुणसूत्रांमुळे. तो करतो काय, हे मात्र १९८८ साली मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलिझा हॉल इन्स्टिट्यूटमध्ये उलगडलं. डेव्हिड वॉक्स, सुझॅन कोरी आणि जेरी अ‍ॅडम्स यांनी उंदरांच्या पेशींवर दाखवून दिलं की हा जीन पेशीला वाढायला लावत नाही, तिला मरू देत नाही. तोवर कॅन्सर म्हणजे बेफाम वाढ, असंच बहुतेकांच्या डोक्यात होतं. कॅन्सर न मरण्यातूनही होऊ शकतो, हा विचार नवा होता. मला तर तो एखाद्या उपनिषदाच्या कडेला कुणी लिहून ठेवल्यासारखा वाटतो. पण तो आला काचेच्या बशीतून.

मग औषध कसं हवं, हे सांगायला फार हुशारी लागत नाही: बीसीएल-२ ची पकड सोडवणारं. ते बनवायला मात्र वीसहून जास्त वर्षं गेली. आधीचा एक रेणू, नॅव्हिटोक्लॅक्स, बीसीएल-२ सोबत त्याच्या भावंडालाही, बीसीएल-एक्सएल या प्रथिनालाही अडवायचा. रक्तातल्या प्लेटलेट या भावंडाच्या जोरावरच जगतात, त्यामुळे डोस वाढवला की प्लेटलेट धडाधड खाली यायच्या. रसायनशास्त्रज्ञांनी रेणूची घडण बदलली, भावंडाला वगळलं आणि फक्त बीसीएल-२ वर बसणारं औषध तयार केलं. नेम धरून मारा करणारं, टार्गेटेड, म्हणतात ते असं. नेम इतका चोख साधला, की पुढची अडचण त्यातूनच उभी राहिली.

आता त्या माणसाचा विचार करा, ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं. नाव देऊ नका, चेहराही नको. सीएलएल बहुधा उतारवयात होतो, तेव्हा साठी-सत्तरीचं कुणीतरी धरा. निदान झाल्यावर पहिली काही वर्षं कदाचित उपचारच नव्हते. डॉक्टर म्हणाले, लक्ष ठेवू, लगेच काही करायला नको. कॅन्सर आहे आणि तरी काही करायचं नाही, हे घरच्यांना पटवता पटवता नाकी नऊ आले असतील. मग केमोथेरपी झाली, आकडे सुधारले, सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मग आजार उलटला. पुन्हा उपचार, पुन्हा उलटला. दर वेळी मधला काळ थोडा आखूड. काही रुग्णांमध्ये तोवर सतराव्या गुणसूत्राचा एक तुकडाच गळालेला असतो, आणि त्याच्याबरोबर पी-५३ हा जीन. तो गेला की नेहमीची केमो जवळपास निकामी ठरते.

अशा माणसाला २०११ साली मेलबर्नमध्ये विचारलं गेलं, की एक नवी गोळी आहे, माणसांना ती आजवर जवळजवळ दिलेलीच नाही, तुम्ही घ्याल का?

घाई करू नका. त्या खुर्चीत बसा. समोर संमतीपत्राची पानं आहेत. पहिल्या टप्प्याच्या चाचणीत मूळ प्रश्न ‘हे तुम्हाला बरं करेल का’ असा नसतोच. ‘किती दिलं तर माणसाला सोसतं’ असा असतो. म्हणजे तुमचं शरीर मोजपट्टी होणार आहे. कागदावर ते साध्या शब्दांत लिहिलेलं असतं आणि डॉक्टर ते तोंडीही सांगतात. तरी वाचणारा आशा ठेवतोच. त्याला फसवणूक म्हणावं का? मला तसं वाटत नाही. माणूस एकाच सहीत दोन गोष्टी करू शकतो: मला फायदा होईलच असं नाही हे मान्य करू शकतो, आणि मला फायदा व्हावा ही इच्छाही धरू शकतो. यातली एक खोटी ठरवायची घाई तज्ज्ञ मंडळी फार करतात.

सही झाली. पहिल्या तीन रुग्णांना औषधाचा एकच डोस दिला. चोवीस तासांच्या आत त्यांच्या रक्तात असे बदल दिसले, की डॉक्टरांची धावपळ उडाली. वर्षानुवर्षं न मेलेल्या पेशी एकदम मरू लागल्या होत्या. मेलेल्या पेशींच्या पोटात जे असतं ते सगळं रक्तात उतरतं: पोटॅशियम, फॉस्फेट, आणि पुढे त्यांच्याच अवशेषांतून बनणारं युरिक अ‍ॅसिड. मूत्रपिंडांना ते आवरेनासं होतं. पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाचा ठोका चुकतो, थांबूही शकतो. याला ट्यूमर लायसिस सिंड्रोम म्हणतात.

या रिपोर्टासमोर जरा बसून राहा, कारण माझ्या मते सगळ्या कथेचा गाभा इथे आहे. एकाच कागदावर दोन वाक्यं वाचता येतात. हे औषध लागू पडतंय. हे औषध जीव घेऊ शकतं. दोन्ही वाक्यांचा पुरावा एकच आकडा. आपलं मन त्यांतलं एक उचलतं, दुसरं खाली ठेवतं. आशावादी माणूस पहिलं, भित्रा दुसरं. ज्याला चाचणी चालवायची आहे त्याला दोन्ही हातांत दोन्ही धरून रात्र काढावी लागते. तुम्हीही काही क्षण तसं धरून पाहा. अवघड आहे.

पावसाळ्यात धरण भरलं की सगळे दरवाजे एकदम उघडत नाहीत. विसर्ग टप्प्याटप्प्याने वाढवतात, दर टप्प्याला नदीकाठच्या गावांत पाणी कुठवर आलं ते पाहतात, मग पुढचा दरवाजा. पाणी सोडायचं तर आहेच, नाहीतर धरणालाच धोका. पण किती वेगाने, हे खालची गावं ठरवतात. शरीरात ती गावं म्हणजे मूत्रपिंडं आणि हृदय.

हे शहाणपण एका दिवसात आलं नाही. डोस चढवत नेण्याच्या टप्प्यात ५६ रुग्ण होते. त्यांतल्या तिघांना ट्यूमर लायसिसचा त्रास लक्षणांसह झाला आणि त्यांतला एक दगावला. याच औषधाच्या दुसऱ्या एका चाचणीतही याच कारणाने एक मृत्यू झाला. काम काही काळ थांबवलं गेलं. मग सगळी रीत नव्याने आखली: सुरुवात वीसपासून, दर आठवड्याला एक पायरी, गोळीच्या दोन दिवस आधीपासून भरपूर पाणी, युरिक अ‍ॅसिड आटोक्यात ठेवणारं औषध, आणि डोसनंतर सहा ते आठ तासांनी व पुन्हा चोवीस तासांनी रक्ततपासणी. पुढच्या ६० रुग्णांना या सुधारलेल्या रीतीने औषध दिलं. त्यांच्यात असा त्रास एकालाही झाला नाही.

आता पुन्हा तो आकडा घ्या. वीस.

जे गेले त्यांच्याविषयी काय म्हणायचं, हा प्रश्न मनात येऊ द्या. आपल्याकडे लगेच हुतात्मा म्हणायची, देह झिजवला म्हणायची पद्धत आहे. मला ते शब्द इथे नकोसे वाटतात. ते लोक मरायला आले नव्हते. त्यांना नातवंडांबरोबर आणखी एखादं वर्ष हवं असेल, किंवा नुसतं बरं वाटायला हवं असेल. त्यांनी दान दिलं असं म्हणून आपण आपलं ऋण हलकं करून घेतो, कारण दानाची परतफेड मागत नसतात. त्यापेक्षा असं म्हणावं: त्यांना जे हवं होतं ते मिळालं नाही, आणि त्यांच्यामुळे इतरांना मिळालं. ही दोन वाक्यं जोडायचा मोह होतो. जोडू नका, शेजारी शेजारी राहू द्या.

निकाल थोडक्यात सांगतो. २०१६ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ११६ रुग्णांचा अहवाल आला. ७९ टक्के रुग्णांचा आजार औषधाने बऱ्यापैकी मागे हटला, २० टक्क्यांच्या तपासण्यांत तो पूर्ण मावळल्यासारखा दिसला. त्याच वर्षी अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली, आधी सतराव्या गुणसूत्राचा तुकडा गळालेल्या, उपचार घेऊनही आजार उलटलेल्या रुग्णांसाठी.

पण औषध चालतं, एवढ्याने भागत नाही. आधीच्यापेक्षा बरं चालतं का, तेही पाहावं लागतं. त्यासाठी मुरानो नावाची चाचणी झाली. आजार उलटलेले ३८९ रुग्ण. निम्म्यांना व्हेनेटोक्लॅक्स आणि त्याच्या जोडीला रिटुक्सिमॅब हे दुसरं औषध, निम्म्यांना बेंडामुस्टिन ही केमो आणि तेच रिटुक्सिमॅब. कुणाला काय, हे ना डॉक्टर ठरवतो ना रुग्ण. चिठ्ठी टाकावी तसं निघतं. ही चिठ्ठी पुष्कळांना निर्दय वाटते, आणि तुमच्या घरचं माणूस त्या यादीत असेल तर ती निर्दयच वाटणार. माझं मत तरी तिच्या बाजूचं आहे. आपल्याला ठाऊक आहे असं वाटणं आणि ठाऊक असणं, यातलं अंतर मोजायला दुसरा प्रामाणिक मार्ग मला दिसत नाही. दोन वर्षांनी आजार न वाढता जगत असलेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात ८४.९ टक्के निघालं आणि केमोच्या गटात ३६.३. हा फरक पाहून आनंद होतो, आणि लगेच दुसऱ्या रकान्यातली माणसंही दिसतात. त्यांच्यावरून नजर उचलू नका. त्यांच्याविना पहिल्या रकान्याला काही अर्थ नव्हता.

या चाचणीत आणखी एक गोष्ट होती, आणि मला ती सगळ्यांत विलक्षण वाटते. दोन वर्षं झाली की गोळी बंद करायची. आजार परतला म्हणून नव्हे, औषध चालत असतानाच. कल्पना करा: ज्या गोळीने तुम्हाला परत आणलं, ती उद्यापासून घ्यायची नाही. रिपोर्ट चांगला आहे, अंगात ताकद आहे आणि हात सवयीने डबीकडे जातोय. थांबायचं का?

थांबण्यामागे विचार आहे. औषध सतत चालू राहिलं तर त्याला चुकवणाऱ्या पेशी वर यायला वाव मिळतो. मेलबर्नच्याच संशोधकांनी पुढे दाखवलं, की दीर्घकाळ गोळी घेतलेल्या काही रुग्णांत बीसीएल-२ प्रथिनातली एकच जागा बदलते. त्या बदलाला जी१०१व्ही म्हणतात. तेवढ्या फरकाने औषधाची पकड सुटते. शिवाय खर्च आहे, दुष्परिणाम आहेत आणि रोज स्वतःला रुग्ण म्हणवून घेण्याचा शीण आहे.

तरीही थांबल्यावर काहींचा आजार पुन्हा आला. मुरानोतल्या अशा काही रुग्णांना तेच औषध पुन्हा दिलं, पुन्हा वीसपासून चढवत. त्यांतल्या बऱ्याच जणांत ते दुसऱ्यांदाही लागू पडलं.