तीन अटी आणि एक कॅमेरा

सिंदी मेघेतल्या होतकरू छायाचित्रकाराला प्रकल्पासाठी विषय हवा असला, की मन आधी ताडोब्याच्या वाघाकडे धावतं. सेवाग्रामचा आश्रम मात्र काही किलोमीटरवरच.

तिथं गांधीजींच्या पुतण्याचा मुलगा, कनू गांधी, विशीत कॅमेरा चालवायला शिकला. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या 100 रुपयांतून रोलायफ्लेक्स आला. गांधीजींच्या अटी तीन: फ्लॅश वापरायचा नाही, कुणी पोझ देणार नाही, आश्रमाचा पैसा मिळणार नाही. किती कठीण अटी! पण त्यामुळेच मिळेल त्या उजेडात, चाललेल्या कामाकडे पाहण्याची नजर घडली. कुष्ठरोगी परचुरेशास्त्रींची सेवा करणारे गांधीजी आज आपल्याला दिसतात, ते या कॅमेऱ्यामुळे.

आजच्या विद्यार्थ्यानंही स्वतःला अटी घालाव्यात. एकच लेन्स, एकच जागा, एकच हंगाम. पवनारला धाम नदीचं बदलतं पाणी, जिनिंगच्या फाटकाशी खोळंबलेल्या कापसाच्या गाड्या, वेचणी करणाऱ्या बायांचे हात.

त्या बायांना आधी विचारावं, नंतर छापील फोटो घरी नेऊन द्यावा. मग दव वाळल्याशिवाय कापूस का वेचत नाहीत, हे त्याच समजावून सांगतील.