बिल कुणाच्या नावावर?

चांगलं वागणाऱ्या कंपनीला नफाही चांगला होतो, असं हल्ली उद्योगांच्या परिषदांमध्ये छातीठोकपणे सांगितलं जातं. त्याला आधारही आहे. २०१५मध्ये तीन संशोधकांनी दोन हजारांहून अधिक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा सुमारे नव्वद टक्के अभ्यासांत पर्यावरण, समाज आणि स्वच्छ कारभार सांभाळल्याने नफ्याला फटका बसल्याचं दिसलं नाही. पण फटका न बसणं म्हणजे फायदा होणं नव्हे. शिवाय ज्याची तिजोरी भरलेली, त्यालाच झाडं लावणं परवडतं, ही शक्यताही उरतेच. सरासरीवर समाधान मानलं की वाईट वागण्याचा खर्च नेमका कुणी भरला, हा प्रश्न बाजूला पडतो.

भोपाळच्या युनियन कार्बाइडचं उदाहरण घ्या. कीटकनाशकाला पुरेसं गिऱ्हाईक नव्हतं, कारखाना तोट्यात होता, काटकसर चालू होती. कीटकनाशकासाठी लागणारं विषारी मिथाइल आयसोसायनेट शून्य अंशाच्या आसपास थंड ठेवायचं असतं. ते थंड ठेवणारी यंत्रणा जून १९८४पासून बंद होती. सुटलेला वायू निष्प्रभ करणारा स्क्रबर कामाला तयार नव्हता, आणि तो जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याची नळी दुरुस्तीसाठी काढून ठेवली होती. २ डिसेंबरच्या रात्री त्याच्या ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरलं, वायू सुटला आणि हजारो माणसं मेली.

भारत सरकारचा दावा ३३० कोटी डॉलरचा होता. १९८९च्या फेब्रुवारीत तडजोड झाली ती ४७ कोटींवर. बातमी येताच कंपनीचा शेअर पडला नाही, उलट वधारला. कारखान्याच्या आवारात पडून राहिलेला ३३७ टन विषारी कचरा पीथमपूरला नेऊन जाळायला २०२५ उजाडलं, आणि तेही सरकारी पैशाने. बचत कंपनीने खिशात घातली. खर्च भोपाळकरांच्या फुफ्फुसांनी आणि तुमच्या-माझ्या कराने भरला.

आता फोक्सवॅगन पाहा. गाडीची चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर आटोक्यात ठेवणारं सॉफ्टवेअर कंपनीने जगभरात सुमारे १ कोटी १० लाख डिझेल गाड्यांत बसवलं होतं. सप्टेंबर २०१५मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने ते चव्हाट्यावर आणलं. लबाडी एकच होती, पण दंड ठिकाणाप्रमाणे बदलला. अमेरिकेत पावणेपाच लाख गाड्यांसाठी २०१६ची तडजोड १,४७० कोटी डॉलरपर्यंत गेली: गाड्या परत घ्या आणि वर भरपाई द्या. युरोपात अशा गाड्या ८५ लाखांच्या घरात होत्या, पण तिथल्या बहुतेक ग्राहकांची बोळवण सुरुवातीला नव्या सॉफ्टवेअरवर झाली. जर्मनीत ग्राहक संघटनेने सगळ्यांच्या वतीने असा दावा लावायची सोयच कायद्यात नव्हती. ती २०१८मध्ये झाली, आणि २०२०मध्ये कंपनीने तिथल्या अडीच लाखांवर ग्राहकांसाठी ८३ कोटी युरो मोजायची तयारी दाखवली. दोन्ही खंडांत कंपनीची नियत तीच होती, बदलत होता तो कायदा.

म्हणून माझं म्हणणं असं, की जबाबदारीने वागणं फायद्याचं ठरेल की तोट्याचं, हे बाजाराचं निसर्गसिद्ध तत्त्व नाही. ते भोवतालचा समाज ठरवतो. कायदे, न्यायालयं, पत्रकार, ग्राहक आणि भागधारक जागे असतील तिथे लबाडी महाग पडते. ते झोपले असतील तिथे सचोटीच महाग पडते.

नुसत्या कागदी पहाऱ्याने मात्र काम भागत नाही. सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीला सप्टेंबर २००८मध्ये उत्तम कारभाराचा गोल्डन पीकॉक पुरस्कार मिळाला होता. संचालक मंडळावर हार्वर्डचे प्राध्यापक होते. डिसेंबरात अध्यक्ष रामलिंग राजूंनी आपल्याच कुटुंबाच्या मेटास कंपन्या सत्यमच्या पैशाने विकत घ्यायचा ठराव आणला आणि मंडळाने तो मंजूरही केला. गुंतवणूकदार खवळले आणि काही तासांत तो मागे घ्यावा लागला. तीन आठवड्यांनी, ७ जानेवारी २००९ला, राजूंनी सुमारे सात हजार कोटींच्या बनावट हिशेबाची कबुली दिली.

२०१३च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावले. शाळांच्या भिंती रंगल्या, शौचालयं उभी राहिली, त्यांवर कंपनीचं नाव ठळक आलं. पण उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के कसे कमावले, हे त्या कलमाने विचारलं नाही. ते विचारायला घेतलं शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने. पाणी किती उपसलं, कचरा कुठे गेला, कामावर किती माणसं दगावली, हे २०२२-२३पासून बाजारमूल्याने पहिल्या हजार कंपन्यांना जाहीर करावं लागतं. फीत कापतानाच्या फोटोंपेक्षा हे रुक्ष तक्ते मोलाचे, कारण पुढच्या वर्षी त्याच आकड्यांवर कंपनीला धरता येतं.

मग मालकाच्या सद्बुद्धीला काहीच किंमत नाही? आहे. टाटांनी आपल्या पोलाद कारखान्यात आठ तासांचा दिवस १९१२मध्येच आणला. देशाच्या कायद्यात तशी मर्यादा यायला पुढे काही दशकं लागली. पण याच कंपनीवर १९२४मध्ये पगाराला पैसे नाहीत अशी पाळी आली. दोराबजी टाटांनी स्वतःची मालमत्ता, अगदी पत्नी मेहेरबाईंचा ज्युबिली हिरासुद्धा, गहाण टाकला. त्याच वर्षी देशी पोलादाला संरक्षण देणारा कायदाही झाला, तेव्हा कुठे कारखाना तगला. सज्जनपणा एकट्याच्या बळावर तगत नाही.

त्याला बळ देणाऱ्यांत आपणही आहोत. म्युच्युअल फंडात दरमहा एसआयपीचा हप्ता भरणारा पगारदार आज या कंपन्यांचा मागच्या दाराने मालक झाला आहे. एप्रिल २०२२पासून म्युच्युअल फंडांना कंपन्यांच्या प्रत्येक ठरावावर मत देणं आणि ते जाहीर करणं बंधनकारक आहे. परतावा किती, हे आपण मोबाइलवर रोज पाहतो. आपल्या वतीने फंडाने मत काय दिलं, हे किती जण पाहतात? सत्यमचा ठराव पाडणाऱ्यांत फंड मॅनेजरही होते. पैसा बुडताना दिसला म्हणून ते उठले. नदी नासताना आणि कामगार मरतानाही त्यांनी तितक्याच तातडीने उठावं असं वाटत असेल, तर त्यांना आधी आपला धाक वाटला पाहिजे.