हँडल फिरवणारा हात



परवा अभ्यासवर्गात एकानं प्रश्न टाकला. युद्ध चालूय, कुठंतरी बॉम्ब पेरलाय, जागा ठाऊक असलेला माणूस तुमच्या ताब्यात आहे. हाणायचं का नाही? सगळे म्हणाले, हाणायचं. मीपण मान डोलावली. रात्री झोप लागेना.

हा प्रश्न हवेतला नाही. १९५७ साली अल्जियर्समध्ये तो रोज पडत होता. एफ.एल.एन.चे बॉम्ब कॅफेत फुटत होते, साधी माणसं मरत होती. फ्रेंच सरकारनं शहर जनरल मास्यूच्या छत्रीधारी फौजेच्या हवाली केलं. रात्री दारं तुटली ती बहुतेक कसबातल्या अरबांची. फौजी टेलिफोनचं हँडल फिरवून कैद्याच्या अंगात करंट सोडायचा, ही त्यांची चौकशी. कुठलं अंग हाणायला चालतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

पॉल तेतजेन हा तिथल्या पोलिसखात्याचा बडा अंमलदार. सरकारचाच माणूस. पण हिटलरच्या गेस्टापोनं त्याला छळलेलं, डाखाऊच्या छावणीत टाकलेलं. अल्जियर्सच्या कैद्यांच्या अंगावर त्याला तेच वळ दिसले, आणि त्यानं राजीनामा लिहिला. त्याआधी, नोव्हेंबर १९५६ मध्ये, इव्हेतों नावाचा कामगार बॉम्बसकट सापडला होता. दुसरा बॉम्ब कुठाय, कळेना. तेतजेननं छळाला परवानगी दिली नाही. पोलिसांनी तरी छळलंच, ती गोष्ट वेगळी. बॉम्ब काही फुटला नाही. पण फुटला असता तर? मेलेल्यांचं रगत तेतजेनच्याही माथी आलं असतं. हे टाळून नाही म्हणणं म्हणजे फुकटचा चांगुलपणा.

मग मी नाही का म्हणतो? कारण हँडल एकाच बाजूकडं राहत नाही. १९५८ मध्ये फ्रेंचांनी एफ.एल.एन.मध्ये फितुरीची अफवा सोडली. अमिरूशच्या टापूत स्वातंत्र्यसैनिकांनी आपलीच शिकलेली पोरं छळली. छळ थांबावा म्हणून पोरांनी नावं घेतली, त्या नावांनी आणखी नावं. शेकडो मारले गेले.

आमच्या संपात एका बदलीवाल्याला खबऱ्या म्हणून खोलीत कोंडला होता. आत पट्टा चालला होता, मी दार धरून उभा. त्यानं तीन नावं घेतली. तिसरं माझं होतं. तेव्हा कुठं पोरांनी पट्टा खाली टाकला. पहिल्या दोघांना मात्र अजून वस्तीत कुणी चहाला बोलवत नाही.