तिसरा सिलिंडर

कॉमर्सच्या पदवीधराला यंत्रातलं काही कळत नाही, असा एक सार्वत्रिक समज आहे. समज बरोबर आहे. परंतु यंत्रात गळती सुरू झाली की तो विषय आमच्या खात्यात येतो. किती आलं, किती गेलं आणि मधल्यामधे किती नाहीसं झालं, हे शोधण्यातच बँकेतल्या माणसाची हयात जाते. संध्याकाळी रोकड दहा रुपयांनी कमी भरली, तर सगळी शाखा दिवे लावून बसते. मोटारीच्या इंजिनाचंही तसंच आहे. फरक एवढाच, की तिथे हरवते ती हवा.

सिलिंडर म्हणजे एक नळकांडं. त्यात दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वरखाली करतो. पेट्रोल आणि हवा आत येते, पिस्टन तिला कोपऱ्यात गाठून दाबतो, प्लगची ठिणगी पडते आणि भडका उडतो. त्या भडक्यावर गाडी चालते. दाब जितका पक्का, तितका जोर जास्त. पण दाबलेल्या वस्तूला निसटायची ओढ असते, हे ज्यांनी दुपारी चारच्या लोकलमध्ये किंवा एकत्र कुटुंबात काही वर्षं काढली आहेत त्यांना सांगायला नको. सिलिंडरमधली हवा निसटते. मग चढावर गाडी धापा टाकते, पेट्रोल जास्त पिते आणि मालक पेट्रोलपंपवाल्याला शिव्या देतो.

हवा नेमकी कुठून निसटते हे शोधायची रीत फार शहाणपणाची आहे. आधी इंजिन गरम करून बंद करतात. सगळे प्लग काढतात. पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही तोडतात. प्लगच्या भोकात दाब मोजायचं घड्याळ बसवतात, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरतात आणि स्टार्टर मारतात. पाचसहा फेऱ्यांत काटा जिथवर चढेल तो त्या सिलिंडरचा आकडा. सगळ्यांचे आकडे शेजारीशेजारी मांडायचे. सगळेच थोडे उतरलेले असले तर ते वय झालं. एकच फार खाली असला तर तो रोग.

मग येते चमचाभर ऑइलची परीक्षा. ज्या सिलिंडरचा आकडा कमी, त्यात चमचाभर इंजिन ऑइल ओतायचं आणि पुन्हा स्टार्टर मारायचा. ऑइल पिस्टनच्या रिंगांभोवतीची फट काही क्षण बुजवतं. आकडा चढला तर रिंगा झिजल्या. चढला नाही तर बहुधा दोष व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचा. त्याहून पक्की खात्री हवी असेल, तर पिस्टन अगदी वर आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, प्लगच्या भोकातून पंपाची हवा भरतात आणि नुसतं ऐकतात. एअर फिल्टरच्या बाजूने फुसफुस आली तर आत घेणारा व्हॉल्व्ह. सायलेन्सरमधून आली तर बाहेर टाकणारा. ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा. रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे आले तर गॅस्केट. थोडी हवा नव्या इंजिनातूनही जातेच. शंभरातली पाचदहा टक्के गेली तर कुणी भुवई उचलत नाही. तीस गेली की इंजिनाचं ‘काम निघालं’ म्हणायचं.

हे सगळं मला कळलं ते आमच्या साडूंमुळे. त्यांच्याकडे 2008 सालची मारुती 800 होती. तीन सिलिंडर, 796 सीसी. 2019 साली त्यांनी ती विकायला काढली. कात्रजच्या चढावर ती अलीकडे तिसऱ्या गिअरमधून थेट पहिल्यात यायला लागली होती. तपासायला नेली तेव्हा मीही सोबत होतो. मिस्त्रीने घड्याळ लावलं. पहिला एकशे साठ पाऊंड, दुसरा एकशे पंचावन्न, तिसरा शंभर. चमचाभर ऑइल घातल्यावर तिसरा एकशे चाळीसवर गेला.

“रिंगा गेल्यात साहेब,” मिस्त्री म्हणाला. “काम करायचं की तशीच द्यायची?” मग आवाज खाली आणून म्हणाला, “द्यायची असली तर जाड ऑइल टाकून देतो. महिनाभर धूर दिसायचा नाही.”

साडू माझ्याकडे वळले. “साडूभाऊ, तुम्ही कॉमर्सवाले. कायदा काय म्हणतो? न विचारता सांगायलाच पाहिजे का?”

खरं म्हणजे माणसाने ‘कायदा काय म्हणतो?’ असं विचारलं की समजावं, आपलं मन काय म्हणतं ते त्याने आधीच ऐकलेलं आहे आणि त्याला दुसरं मत हवं आहे. पण बी.कॉम.ला शिकलेलं आयुष्यात एकदा तरी उपयोगी पडतंय, या आनंदात मी सांगायला लागलो.

आपला कराराचा कायदा 1872 सालचा. त्याच्या कलम 17 मध्ये फसवणूक म्हणजे काय ते सांगितलं आहे, आणि त्याखाली उदाहरणं दिली आहेत ती घोड्याची. ‘अ’ला ठाऊक आहे की आपला घोडा सदोष आहे. तो लिलावात ‘ब’ला विकतो आणि गप्प बसतो. ही फसवणूक नव्हे. नुसतं मौन म्हणजे लबाडी नाही.

साडूंचा चेहरा उजळला. “बघा! इंग्रज काही मूर्ख नव्हते.”

पण पुढची दोन उदाहरणं आहेत. दुसऱ्यात ‘ब’ ही ‘अ’ची मुलगी आहे, नुकतीच सज्ञान झालेली. इथे नातंच असं आहे, की सांगणं हे ‘अ’चं कर्तव्य. आणि तिसऱ्यात ‘ब’ म्हणतो, “तुम्ही नाही म्हणाला नाहीत, तर मी घोडा ठीक आहे असं धरून चालेन.” ‘अ’ गप्प. इथे गप्प बसणं हे बोलण्यासारखंच.

“माझी मुलगी कुठे गाडी घेतेय?” साडू म्हणाले. मुद्दा बिनतोड होता.

मला मात्र त्या चमचाभर ऑइलने गोंधळात टाकलं होतं. मिस्त्रीने पहिल्यांदा ऑइल ओतलं ती परीक्षा होती. नंतर जे ओततो म्हणाला ते पाप होतं. डबा तोच, फट तीच, दाब चढतो तोही तसाच. मग पाप आणि परीक्षा यांत फरक कुठे पडला? बराच विचार केल्यावर मला वाटतं, तो ऑइलमध्ये नसून बॉनेटमध्ये आहे. पहिल्यांदा बॉनेट उघडं होतं आणि ज्याचा पैसा जाणार होता तो माणूस वाकून बघत होता. दुसऱ्यांदा बॉनेट बंद करून द्यायचं होतं.

शिवाय हिशेबाचा प्रश्न उरतोच. दोष सांगितला तर गाडीची किंमत समजा आठ हजारांनी उतरते. न सांगता ते आठ हजार मिळाले, तर ते कुठल्या खात्यात जमा करायचे? गाडीची किंमत म्हणून नाही, कारण तेवढी गाडी दिलेलीच नाही. बँकेत अशी बेवारस रक्कम सस्पेन्स अकाउंटला टाकतात. सोय चांगली आहे. पण ते खातं कधीतरी मिटवावं लागतं, आणि तपासनीस आल्या आल्या आधी तेच उघडून बसतो.

गिऱ्हाईक आलं ते एक पोरसवदा गृहस्थ. नवी नोकरी, आईवडिलांना जेजुरीला न्यायचं म्हणून गाडी हवी होती. त्याने टायरना लाथा मारल्या, हॉर्न वाजवून पाहिला, काचा वरखाली केल्या. यंत्रातलं ज्ञान माझ्याइतकंच. शेवटी साडूंना म्हणाला, “काका, तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणजे इंजिन ठणठणीत असणार. बरोबर ना?”

बिचाऱ्याने कलम 17 वाचलेलं नव्हतं. पण दुसरं आणि तिसरं उदाहरण त्याने एका वाक्यात वापरलं. इंग्रज घोड्याचा व्यापार जाणत होते, पण महाराष्ट्रात कुणीही कुणाला काका म्हणतं हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं. अनोळखी माणसाने काका म्हणायचं आणि आपण ‘ओ’ द्यायची; मग पहिलं उदाहरण लागू पडायला परका माणूस आणायचा कुठून? भाजीवाली मावशी, रिक्षावाला दादा, आणि गाडी घेणारा पुतण्या.

साडूंनी माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं.

“तिसरा सिलिंडर गळतो रे,” साडू म्हणाले. “रिंगा गेल्यात. आकडे लिहून दिलेत मिस्त्रीने, हे घे.”

सौदा झाला, आठ हजार उतरून. साडूंच्या सौभाग्यवतींनी त्या आठ हजारांत काय काय आलं असतं याची यादी पुढे बरेच दिवस ऐकवली. त्या यादीला कराराच्या कायद्यात उत्तर नाही. मी शोधलं.

पण मला त्या तपासणीतलं एक आवडतं. तिथे आकडा कुणी पुस्तकातल्या आदर्श माणसाशी लावत नाही. शेजारच्या सिलिंडरशी लावतात. थोडं गळणं सगळ्यांनाच माफ असतं. नाहीतरी माझ्यासारख्या माणसाने ‘मी शंभर टक्के प्रामाणिक’ असं म्हटलं, तर मिस्त्री आधी घड्याळच बिघडलं असं समजेल. एवढंच बघायचं, की विचारणारा समोर उभा असताना आपण बॉनेट उघडतो की नाही.