जिन्यावरची खुर्ची आणि सेवेचे पुण्य

चंदगडच्या पावसाळी मुलखातले जुने घर बहुतेक कौलारू आणि बैठे. माडी असली तरी ती भात-नाचण्याच्या साठवणीला. वर जायला शिडीसारखा उभा लाकडी जिना, आणि म्हाताऱ्या माणसाने तो चढावा अशी कुणाची अपेक्षा नसे. सोपा, माजघर, देव्हारा, न्हाणी, परडे, सगळे एकाच पातळीवर. पुढे मुंबईच्या गिरण्यांत, गोव्यात, पुण्यात आणि फौजेत कमावलेला पैसा गावाकडे आला, कौले उतरली, स्लॅब पडला. खाली दुकानाचा गाळा नाहीतर गाडी, आणि निजायच्या खोल्या वर. ज्यांनी हौसेने ही घरे बांधली त्यांचेच गुडघे आता जिन्यापाशी अडतात. अशा जिन्यावर रुळावरून सरकणारी खुर्ची, म्हणजे स्टेअरलिफ्ट, बसवावी का, हा प्रश्न वरवर पाहता मिस्त्री-वायरमनचा आहे. पण घरात विषय निघाला की तो लगेच धर्माचा होतो. मुलगा म्हणतो, आईला उचलून न्यायला आम्ही काय मेलो काय? आई म्हणते, आता वर जाऊन मला काय करायचंय, देवाचं नाव घेत पडून राहीन खालीच. दोघांच्या बोलण्यात जिव्हाळा आहे, परंपरा आहे. तरीही मला वाटते, सेवा म्हणजे काय याचा हिशेब दोघेही चुकीच्या टोकाकडून मांडतात. सेवेचे माप सेवा करणाऱ्याच्या कष्टात नसते. ज्याची सेवा होते त्या माणसाला किती मोकळे जगता आले, यात ते असते. ही खुर्चीही त्याच मापाने तोलली पाहिजे.

यावर पहिला आक्षेप पुंडलिकाच्या नावाने येतो आणि तो हलका नाही. आईबापांची सेवा चालू असताना दारात देव आला, पुंडलिकाने त्याच्याकडे वीट सरकवली आणि हातातले काम सोडले नाही. ज्या धर्माचा मुख्य देवच या कथेमुळे विटेवर उभा आहे, त्या धर्माच्या माणसाने आईला खुर्चीत बसवून बटण दाबू द्यावे, ही पळवाट नव्हे काय? पण कथेत काय मोडायला नकार दिला आहे ते पाहावे. पुंडलिकाने आपले लक्ष मोडू दिले नाही. आईबापांना किती वजन होते आणि त्याच्या पाठीवर किती ताण आला, याबद्दल कथा काही सांगत नाही. श्रावणबाळाचे उदाहरण तर आणखी स्पष्ट आहे. त्याने आंधळ्या आईबापांना हातांवर उचलून तीर्थयात्रा घडवली नाही. त्याने कावड केली. दांडा, दोन पारडी, दोन्हीकडे सारखा भार. ते त्या काळचे साधनच होते, आणि साधन वापरले म्हणून श्रावणाचे पुण्य उणे झाले असे आजवर कुणी म्हटलेले नाही. यात्रेची इच्छा आईबापांची होती, हा त्या कथेतला खरा मुद्दा. मुलाने त्यांच्या इच्छेला चाल दिली.

स्वतःच्या हातांनी केलेल्या सेवेचे गुणगान करताना आपण आणखी एक गोष्ट सोयीने विसरतो. ते हात कुणाचे? मुलगा मुंबईत किंवा पणजीत, नातू पुण्यात. सासूला सकाळी खाली आणणारी, दुपारी वर नेणारी, रात्री पुन्हा हाकेला उठणारी सून असते, आणि ती स्वतः पन्नाशीला टेकलेली असते. पुंडलिकाने सेवा स्वतः केली होती. आपण ती केव्हाच दुसऱ्यावर सोपवली आहे. फक्त ज्याच्यावर सोपवली ते यंत्र नसून बाईची कंबर आहे, म्हणून आपल्याला ते दिसत नाही. फोनवरून “आईला नीट धरून ने” असे सांगणाऱ्याला खुर्चीमुळे सेवा हरपल्यासारखी वाटत असेल, तर हरपले काय आहे ते त्याने सुनेला विचारावे. उचलण्याचे काम खुर्चीकडे गेले की सुनेजवळ शेजारी बसून चहा घेण्याइतकी ताकद उरते. ती ताकद खरोखर सासूकडे वळेल की मोबाइलकडे, हे मात्र यंत्र ठरवू शकत नाही. या बाबतीत आक्षेप घेणाऱ्यांची भीती मला मान्य आहे. खुर्ची बसवून आईच्या खोलीत जाणेच बंद झाले, तर ते पाप खुर्चीचे नव्हे, पण ते पापच.

यंत्राविषयी आपल्याकडे सर्वांत कठोरपणे बोललेला माणूस गांधी. 1909 च्या ‘हिंद स्वराज’मध्ये त्यांनी यंत्रसंस्कृतीवर घणाघात केला. पण पुढे 1924 मध्ये रामचंद्रन नावाच्या तरुणाशी झालेल्या संवादात त्यांनी एक अपवाद केला: सिंगरचे शिवणयंत्र. बायको तासन् तास टाके घालत बसते हे बघवले नाही म्हणून सिंगरने ते केले, असे त्यांनी सांगितले, आणि ज्या यंत्रामागे माणसाविषयीचे प्रेम आहे ते वेगळे, असा त्यांचा निवाडा होता. जिन्यावरच्या खुर्चीची जन्मकथाही अशीच आहे. 1920 च्या दशकात अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात क्रिस्पेन नावाच्या मोटारविक्रेत्याने आजारी मित्राला मजल्यावरून मजल्यावर जाता यावे म्हणून जिन्याच्या कडेने चालणारी खुर्ची तयार केली. गांधींची कसोटी इथे सरळ लागू पडते. हे यंत्र कुणाची रोजी हिसकावत नाही, कुणाचे अवयव निकामी करत नाही. निकामी होत चाललेल्या अवयवांना ते जोड देते. चष्मा, कवळी, कानातले यंत्र आपण अधर्म मानत नाही. गुडघ्याच्या बाबतीतच एवढा संकोच का?

त्याचे उत्तर बहुधा पायऱ्यांविषयीच्या आपल्या श्रद्धेत आहे. आपले देव उंचावर बसतात आणि पायऱ्या चढणे हीच अर्धी पूजा असते. चढण सोपी केली की पुण्य घटते, ही भावना खोल रुजलेली आहे. पण आपल्याच परंपरेने या भावनेला वेळोवेळी उत्तर दिले आहे. जेजुरीत सांगतात की खंडोबाचे मूळ ठाणे वर कडेपठारावर. म्हातारपणी भक्ताला ती चढण झेपेना, तेव्हा देव खालच्या गडावर आला. वणीच्या सप्तशृंगीला शेकडो पायऱ्या आहेत. तिथे 2018 पासून रुळावरची ट्रॉली चालते. नवस बोललेला माणूस आजही पायऱ्यांनीच जातो, त्याची वाट कुणी बंद केलेली नाही. आणि सर्वांत जवळचे उदाहरण चंदगडकरांच्या डोळ्यांसमोर आहे. पारगड हा शिवकाळापासून वसता असलेला किल्ला. तानाजींचे चिरंजीव रायबा मालुसरे यांच्याकडे महाराजांनी तो सोपवला, आणि चंद्रसूर्य असेतो गड जागता ठेवा, ही आज्ञा त्यांच्या वंशजांनी आजवर पाळली, असे तिथे अभिमानाने सांगितले जाते. गडावर जायला तीनशेहून अधिक पायऱ्या होत्या आणि आहेत. पुढे गाडीरस्ताही वरपर्यंत गेला. रस्ता झाला म्हणून मालुसऱ्यांचे व्रत भंगले काय? आज्ञा गड जागता ठेवण्याची होती, पायऱ्या झिजवण्याची नव्हती. उलट बाळंतीण, आजारी, म्हातारे यांना वर-खाली करता आले तरच गडावर वस्ती टिकते आणि व्रतही. तप हे स्वतः पत्करायचे असते. न्हाणीघरात जायला चढाव्या लागणाऱ्या पंधरा पायऱ्या कुणी तप म्हणून पत्करलेल्या नसतात, आणि त्यांवरून पडून खुबा मोडला तर त्या यातनेला कुठल्याही शास्त्रात फळ सांगितलेले नाही. चंदगडहून बेळगाव त्यातल्या त्यात जवळ, कोल्हापूर शंभर किलोमीटरहून दूर. मोडलेला खुबा घेऊन आषाढातल्या पावसात तो प्रवास करणे म्हणजे काय हे इथल्या माणसाला सांगायला नको.

आता आईचे म्हणणे. ते मुलाच्या म्हणण्यापेक्षा अवघड आहे, कारण त्यामागे आश्रमव्यवस्थेचे सगळे तत्त्वज्ञान उभे आहे. केस पिकले, नातवाचे तोंड पाहिले, की माणसाने एकेक गोष्ट सोडत जावे, असे मनुस्मृतीपासून सांगितले गेले आहे. मग माडी सोडली तर बिघडले काय? काहीच नाही, जर तिने ती सोडली असेल तर. वैराग्य ही करायची गोष्ट आहे, होऊन बसायची नव्हे. वर जाता येत असताना “मला आता नको” म्हणणे हा त्याग. वर जाताच येत नाही म्हणून “नको” म्हणणे ही अडवणूक, आणि तिला त्यागाचे नाव देण्यात घरातल्या सगळ्यांचीच सोय असते. वाकलेल्या शरीराने आधार घेऊन कामात राहणे हेही धर्माचे रूप आहे. बाबा आमट्यांना पाठीच्या दुखण्यामुळे नीट बसताही येत नसे. 1985 मध्ये, सत्तरीत, वाहनात पडून राहून त्यांनी कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत भारत जोडो यात्रा केली. त्यांना कुणी घरी पडून नामस्मरण करा म्हटले असते तर? आईची यात्रा एवढी मोठी नसेल. गच्चीवर काजूबिया वाळत घालायच्या असतील, वरच्या खोलीतल्या ट्रंकेतले लुगडे काढून बघायचे असेल, पावसाने खालची भिंत ओल धरते म्हणून वर कोरड्यात निजायचे असेल. कारण लहान आहे म्हणून हक्क लहान होत नाही. आईवडिलांच्या चरितार्थाविषयी 2007 मध्ये जो केंद्रीय कायदा झाला त्यानेही मुलांची जबाबदारी अन्नवस्त्राशी संपवलेली नाही. आईवडिलांना सामान्य जीवन जगता यावे इतपत त्यांच्या गरजा भागवणे, असे तिचे स्वरूप ठेवले आहे. सामान्य जीवनात स्वतःच्या घराचा वरचा मजला येतो.

हे मान्य केले की खुर्ची कशी निवडावी, हाही निव्वळ तांत्रिक प्रश्न राहत नाही. तिचा रूळ सहसा भिंतीला नव्हे, पायऱ्यांनाच पक्का केला जातो, म्हणून पायऱ्या भक्कम हव्यात. साधारण अडीच फूट रुंदी तरी लागते, आणि खुर्ची दुमडल्यावर बाकीच्यांना चढायला वाट उरली पाहिजे. सरळ जिन्याला तयार रूळ बसतो. मध्ये वळण असले की माप घेऊन रूळ वाकवून घ्यावा लागतो आणि खर्च बराच वाढतो. बहुतेक खुर्च्या घरच्या विजेवर भरणाऱ्या बॅटरीवर चालतात, त्यामुळे वीज गेली तरी काही फेऱ्या होतात. चंदगडच्या पावसाळ्यात ही गोष्ट दुय्यम नाही. दमट हवेत रूळ गंजणार नाही ना आणि बिघाड झाला तर माणूस कुठून आणि किती दिवसांत येणार, हे पैसे देण्याआधी विचारावे. पण माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा भाग हाताखालचे बटण हा आहे. ते दाबून धरले तरच खुर्ची चालते, सोडले की थांबते. म्हणजे वरपर्यंतच्या सगळ्या प्रवासात बसणाऱ्याची इच्छा जागी असावी लागते. पायपट्टीला काही अडले तरी ती थांबते. वर पोचल्यावर बैठक जिन्याकडे पाठ करून फिरते, म्हणजे उतरताना पाय सपाट जमिनीवर पडतो. म्हणून खरेदीआधी आईने स्वतः बसून पाहिले पाहिजे: बोटाला बटण दाबवते का, पट्टा लावता येतो का, उठताना गुडघा किती दुमडतो. रिमोट मुलाच्या खिशात आणि आई खुर्चीत, अशी व्यवस्था केली तर आपण फक्त उचलण्याची पद्धत बदलली. ज्यांची स्मृती ढळली आहे त्यांची गोष्ट अर्थात वेगळी. तिथे खुर्चीसोबत माणूस हवाच, किंवा खुर्चीच नको.

राहिला पैशाचा आक्षेप, आणि तो मला सर्वांत खरा वाटतो. ही खुर्ची लाखांतली वस्तू आहे. काजू आणि ऊस यांवर चालणाऱ्या पुष्कळ घरांना ती परवडणार नाही, आणि न परवडणाऱ्याला अधर्मी ठरवणारा धर्म माझ्या कामाचा नाही. खाली एक कोरडी खोली आणि संडास-न्हाणीची सोय होत असेल, आणि आईची त्याला मनापासून संमती असेल, तर तीच उत्तम सेवा. जिन्याला दोन्ही बाजूंनी मुठीत मावेल असा कठडा, पायरीच्या कडेला खरबरीत पट्टी, वळणावर दिवा, एवढ्यानेही अनेकांचा जिना परत मिळतो, आणि हे काम गावातला मिस्त्री चार दिवसांत करतो. पण ऐपत असूनही जिथे हात आखडतो, तिथे त्याच घरच्या म्हाळाचा आणि वास्तुशांतीच्या पंगतीचा खर्च शेजारी मांडून बघावा. पितरांच्या नावाने पान वाढणे मला गैर वाटत नाही. मात्र पितर होण्याआधीची दहा-पंधरा वर्षे माणूस त्याच घरात, जिन्याच्या खालच्या पायरीपाशी बसून असतो.

ज्यांची घरे आधीच उभी आहेत त्यांनी टेप घेऊन जिना मोजायच्या आधी आईला, वडिलांना विचारावे: वर काय आहे तुमचं? उत्तर “काही नाही” असे आले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावे, कारण पहिले “काही नाही” बहुतेकदा खर्चाच्या भीतीचे असते. आणि ज्यांचे घर अजून इंजिनिअरच्या कागदावर आहे त्यांनी दोन गोष्टी आजच लिहून घ्याव्यात: तळमजल्यावर संडास-न्हाणीसह एक निजायची खोली, आणि जिना सरळ व निदान तीन फूट रुंद.