कॅप्टनचं ऐकायचं, पण कुठवर?

लोकलमध्ये कुणी गोंधळ घातला, तर त्याला पुढच्या स्टेशनवर पोलिसांच्या हवाली करता येतं. भर समुद्रात पुढचं स्टेशन नसतं. म्हणून जहाज आणि त्यावरची माणसं सुरक्षित राहावीत यासाठी गरज पडली, तर कॅप्टन प्रवाशाला अडवू शकतो, कोंडूनही ठेवू शकतो. पण प्रवासी म्हणजे खलाशी नव्हे. त्याने तिकीट काढलेलं असतं, चाकरी पत्करलेली नसते. मग त्याच्यावर हुकूम चालवायचा हक्क येतो कुठून?

१७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट आठवा. मोठी लाट आली, घाबरलेले प्रवासी एका बाजूला धावले आणि बोट कलंडली. सहाशेहून अधिक माणसं गेली. धावणाऱ्या प्रत्येकाला फक्त आपला जीव वाचवायचा होता. एकेकाचं पाऊल समजण्यासारखं, सगळ्यांचं मिळून जीवघेणं. अशा वेळी एकाचंच ऐकावं लागतं. म्हणजे कॅप्टनचा हक्क त्याच्या टोपीतून येत नाही, धोक्यातून येतो.

जे धोक्यातून येतं, त्याला धोक्याचंच माप लागतं. १८०७ साली इंग्लंडच्या कोर्टात एक खटला आला. शत्रूची वाटणारी जहाजं दिसल्यावर कॅप्टनने प्रत्येक प्रवाशाला जागा नेमून दिली. एकाने नकार दिला, कारण त्याच जागी फिरायला कॅप्टनने त्याला आधी मनाई केली होती. कॅप्टनने त्याला रात्रभर बेड्या घातल्या. जागा नेमून देणं योग्यच होतं, पण रात्रभराच्या बेड्या गरजेपलीकडच्या ठरल्या आणि निकाल प्रवाशाच्या बाजूने लागला. संरक्षण कुठे संपतं आणि रुसवा कुठे सुरू होतो, ती रेघ कोर्टाने ओढली.

इथवर हिशोब सरळ आहे. पण १६ एप्रिल २०१४ ला दक्षिण कोरियाची ‘सेवोल’ फेरी बुडू लागली, तेव्हा प्रवाशांना पुन्हा पुन्हा सांगितलं गेलं: जागेवरच थांबा. सहलीला निघालेली शाळकरी मुलं थांबली. कॅप्टन मात्र आधी बाहेर पडला. ३०४ जण गेले, त्यात २५० विद्यार्थी होते. पुढे कॅप्टनला जन्मठेप झाली.

त्या मुलांचं चुकलं का? मला नाही वाटत. धोक्यात ऐकणं हा भाबडेपणा नाही. तो एक विश्वास आहे: हुकूम देणारा माझ्यापेक्षा जास्त जाणतो आणि माझ्याआधी निघून जाणार नाही. यातलं दुसरं वचन मोडलं की पहिल्याला किंमत उरत नाही. बाहेर पडलेल्या कॅप्टनचा ‘थांबा’ हा हुकूमच राहत नाही. पण आत बसलेल्यांना ते कळणार कसं?

कोर्ट नंतर येतं, बुडणाऱ्याच्या उपयोगाचं नसतं. म्हणून उर्मट प्रवाशाला आवरायचा हक्क कॅप्टनला जरूर असावा, पण तो त्याच जहाजावर आहे तोवरच. शिक्षक, बॉस, पुढारी, कुणीही ‘मी सांगतो तसं करा’ म्हणालं, तर आधी एवढंच बघा: बोट बुडाली तर हा आपल्यासोबत पाण्यात असेल का?