श्रेय आणि संमती

फोटोच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'फोटो : सोशल मीडिया' असं छापलेलं असतं. रायपूरच्या हिंदी दैनिकांत, नागपूर-पुण्याच्या मराठी दैनिकांत, वाहिन्यांवर, पोर्टलांवर ही ओळ आता इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही. सोशल मीडिया नावाचा कुणी माणूस नाही. तो कॅमेरा उचलत नाही, की कुणाला 'थोडं हसा' म्हणत नाही. फोटो कुणीतरी काढलेला असतो आणि त्यात कुणीतरी असतं. ही ओळ त्या दोघांनाही पुसून टाकते. याविरुद्ध छायाचित्रकार आणि हौशी फोटो काढणारे आता तक्रार करू लागले आहेत, आणि तक्रार रास्त आहे. पण तिच्यावर जो तोडगा सध्या सर्वमान्य होऊ घातला आहे तो असा : नाव द्या, जमल्यास मानधन द्या, विषय संपला. मला हा तोडगा अपुरा वाटतो. खरं सांगायचं तर मूळ अन्याय तो झाकूनच टाकतो.

२२ एप्रिल २०२५ला पहलगामला २६ माणसं मारली गेली. त्यांत रायपूरचा एक व्यापारी होता, महाराष्ट्रातले सहा जण होते. त्या रात्रीपासून मृतांच्या फेसबुक पानांवरून लग्नाचे, वाढदिवसाचे, सहलीचे फोटो उचलले गेले आणि सगळीकडे फिरले. याच गडबडीत एका तरुण जोडप्याचा काश्मीरमधला छोटा व्हिडिओ मारल्या गेलेल्या नौदल अधिकाऱ्याचा आणि त्याच्या पत्नीचा 'शेवटचा व्हिडिओ' म्हणून दाखवला गेला. समाजमाध्यमांवर तो आधीच फिरत होता; अनेक वाहिन्यांनी आणि संकेतस्थळांनी खातरजमा न करता तो घेतला. शेवटी त्या जोडप्याला दुसरा व्हिडिओ काढून आम्ही जिवंत आहोत असं सांगावं लागलं.

आता श्रेयाचा तोडगा इथे लावून पाहा. व्हिडिओखाली त्या दोघांचं नाव ठळक अक्षरांत छापलं असतं, वर मानधनही पाठवलं असतं, तर काय सुधारलं असतं? चूक कदाचित लवकर उघड झाली असती. पण त्यांच्यावर झालेला अन्याय हा श्रेय न मिळण्याचा नव्हताच. त्यांच्या आनंदाच्या क्षणाला कुणीतरी परस्पर दुसऱ्याच्या मरणाचं शीर्षक जोडलं, हा तो अन्याय होता.

पहलगाम मोठी घटना होती म्हणून हे बोललं गेलं. रोजच्या बातमीत हेच शांतपणे चालतं. संध्याकाळी पोलीस ठाण्यातून माहिती येते. रायपूर जिल्ह्यात धरसींव्याजवळ किंवा आरंगजवळ ट्रकची धडक, एकाचा मृत्यू, जखमींना मेकाहारात हलवलं. (आंबेडकर रुग्णालयाला रायपुरात अजून सगळे मेकाहाराच म्हणतात.) नाव, वय, गाव मिळालेलं असतं. पानावर फोटोची चौकट आखलेली असते. डेस्कवरून ग्रुपवर विचारणा होते, 'मृतक का फोटो है क्या?' नसेल तर ते नाव फेसबुकवर टाकून शोधलं जातं. साहू, वर्मा, निषाद, यादव या आडनावांची, अगदी एकाच नावाची कितीतरी माणसं छत्तीसगडात तालुक्यागणिक आहेत, आणि त्यांतला कोणता हे रात्री नऊला कोण तपासणार? मिळालेला फोटो बहुधा कुणाच्या तरी लग्नातला असतो. शेजारची माणसं कापली जातात. खांद्यावर टाकलेला हात मात्र कापता येत नाही, तो तसाच छापून येतो.

दोन-तीन दिवसांनी त्याच वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर त्याच माणसाचा दुसरा फोटो दिसतो. घरच्यांनी दिलेला शोकसंदेश, दशगात्राची तारीख, निवेदकांची नावं. हा फोटो त्यांनी कपाटातून शोधून काढलेला असतो. कोणता द्यायचा यावर घरात बोलणं झालेलं असतं, आणि जागेचे पैसे त्यांनीच भरलेले असतात. आपला माणूस चार लोकांना कसा दिसावा हे ठरवण्याची संधी घरच्यांना जाहिरातीच्या पानावर मिळते आणि बातमीच्या पानावर मिळत नाही. याचं पटेल असं कारण मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

जे सांगितलं जातं ते एकच, आणि ते इतक्या आत्मविश्वासाने सांगितलं जातं की त्याचा नीट समाचार घ्यायला हवा. म्हणतात, लोकांनी फोटो स्वतःहून जगासमोर ठेवला, मग आम्ही तो दाखवला तर बिघडलं काय?

पहिली गोष्ट, बहुतेक वेळा 'स्वतःहून' हेच खरं नसतं. फोटो मावसभावाने टाकलेला असतो, मैत्रिणीने टॅग केलेला असतो. कित्येकदा तो व्हॉट्सॲपवर फिरत आलेला असतो, म्हणजे कधी जाहीर झालेलाच नसतो. बातमीत ज्याचा चेहरा येतो त्याने त्याबद्दल काहीच ठरवलेलं नसतं.

पण समजा, स्वतःच टाकला. तरी त्याने तो कुणासाठी टाकला, हा प्रश्न उरतोच. लग्नाच्या मांडवाला दार नसतं. वाटेवरचा कुणीही आत डोकावू शकतो, आणि वधूपक्ष त्याला हाकलून देत नाही. म्हणून त्या वाटसरूला वधूचं चित्र पोलीस ठाण्याच्या भिंतीवर लावायची मुभा मिळत नाही. पाहायला मोकळीक देणं आणि वापरायला देणं यांतला फरक व्यवहारात सगळ्यांना कळतो. संपादकांनाही कळतो. म्हणून तर ते हा युक्तिवाद फक्त दुसऱ्यांच्या फोटोंबाबत करतात.

त्यांच्या स्वतःच्या मजकुराबाबत ते काय म्हणतात ते पाहा. २०२०च्या टाळेबंदीत वर्तमानपत्रांच्या ई-पेपरच्या पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरू लागल्या तेव्हा इंडियन न्यूजपेपर सोसायटीने हे बेकायदा असल्याचा इशारा दिला, ग्रुप ॲडमिनवरही जबाबदारी येऊ शकते असं बजावलं. ई-पेपर तर त्यांनी स्वतःच इंटरनेटवर ठेवलेले होते. नोव्हेंबर २०२४मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेने ओपनएआयवर दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला, आणि पुढे डिजिटल वृत्तप्रकाशकांच्या संघटनेनेही त्यात आपलं म्हणणं मांडण्याची परवानगी मागितली. त्यांच्या तक्रारीचा गाभा हाच की मजकूर इंटरनेटवर उघडा आहे म्हणून तो कुणीही उचलून आपल्या धंद्याला लावावा असं होत नाही. मला ही भूमिका मनापासून पटते. जी भूमिका तुम्ही न्यायालयात शपथेवर मांडता, ती आरंगच्या एखाद्या माणसाच्या लग्नातल्या फोटोलाही लागू होते, एवढंच माझं म्हणणं आहे.

कायदा त्यांच्या बाजूने थोडा झुकलेला आहे, हे मान्य करायला हवं. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातून, जी माहिती व्यक्तीने स्वतः जाहीर केली आहे ती वगळलेली आहे. म्हणजे ज्या कायद्याकडे लोक आशेने पाहत होते, त्याने 'त्यांनी स्वतःच ठेवलं' हा युक्तिवाद जवळजवळ जसाच्या तसा उचलला. मला ती तरतूद चुकीची वाटते. पण तिच्यातूनही एवढंच निघतं की असा फोटो उचलल्यावर या कायद्याचा बडगा बसणार नाही. तो उचलणं योग्य आहे असं तिच्यातून निघत नाही. वर्तमानपत्रं एरवी कायद्याच्या किमान पट्टीवर स्वतःला मोजत नाहीत, त्यांनी मोजूही नये.

आणि सर्वांत महत्त्वाचं. फोटो जसाच्या तसा राहिला तरी बातमी त्याचा अर्थ बदलते. 'पचमढी २०१९' असं लिहिलेल्या हसऱ्या चेहऱ्याखाली 'पतीच्या छळाला कंटाळून' असं छापलं की तो चेहरा दुसऱ्याच गोष्टीचा होतो. संमती मूळ अर्थापुरती होती. नवा अर्थ संपादकाने लावला, तेव्हा नवी संमतीही त्यानेच मागायची.

प्रोफाइल लॉक करा, असा सल्ला देणारे चोरीनंतर घरमालकालाच कुलपाबद्दल विचारतात. फेसबुकच्या सेवाशर्तींकडे बोट दाखवणाऱ्यांनी त्या वाचलेल्या नाहीत. त्या परवाना फेसबुकला देतात, तुमच्या वर्तमानपत्राला नाही.

माझा मुद्दा आता नेमका मांडतो. फोटो दोन प्रकारचे असतात आणि चर्चेत त्यांची सरमिसळ होते. एक घटनेचा फोटो : तो स्वतःच बातमी असतो, पुरावा असतो. दुसरा चेहऱ्याचा फोटो : बातमी त्याच्याशिवायही पूर्ण असते, तो फक्त चौकट भरतो. ओळखायची कसोटी सोपी आहे. फोटो झाकून बातमी वाचावी. तिच्यात काही कमी पडलं तर तो घटनेचा, नाही पडलं तर चेहऱ्याचा.

घटनेच्या फोटोत प्रश्न श्रमाचा आणि जोखमीचा आहे, म्हणून तिथे श्रेय आणि मोबदला हेच बरोबर उत्तर आहे. हैतीच्या २०१०च्या भूकंपात डॅनियल मोरेल या छायाचित्रकाराने काढलेले फोटो त्याने ट्विटरवरून लोकांसमोर ठेवले. एएफपी ही वृत्तसंस्था आणि गेटी ही छायाचित्रसंस्था यांनी ते परवानगीशिवाय विकले. २०१३मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूरीने त्यांना मोरेलला १२ लाख डॉलर द्यायला लावले. आपल्याकडे अशा फोटोंचं खरं कोठार बस्तर आहे. सुरुंगाने उडालेली गाडी, वाहून गेलेला पूल, शाळेविना गाव, हे सगळं तिथले स्थानिक पत्रकार स्वतःच्या मोटारसायकलवर जाऊन मोबाइलवर टिपतात आणि मोठ्या शहरांतल्या पडद्यावर ते दुसऱ्यांच्या लोगोखाली दिसतं. या कामाची किंमत काय असते हे बिजापूरच्या मुकेश चंद्राकरच्या खुनाने दाखवलं. एका रस्त्याच्या निकृष्ट कामाची बातमी बाहेर आल्यावर तो १ जानेवारी २०२५ला बेपत्ता झाला आणि ३ तारखेला ठेकेदाराच्या आवारातल्या सेप्टिक टँकमध्ये त्याचा मृतदेह सापडला. अशा माणसांच्या कामाखाली 'सोशल मीडिया' असं छापणं हा अपमान आहे, आणि तो थांबायलाच हवा.

उगम सांगण्याची शिस्त या भागाला नवी नाही. पेंड्र्याहून १९०० साली 'छत्तीसगढ मित्र' काढणारे माधवराव सप्रे, रामराव चिंचोलकर आणि वामन बळीराम लाखे तिघेही मराठी होते. सप्र्यांनी १९०७मध्ये नागपूरहून 'हिंदी केसरी' काढला तेव्हा विचार कुठून घेतले ते पत्राच्या नावावरच लिहिलेलं होतं. ही शिस्त लिहिणाऱ्याची, काढणाऱ्याची आहे. फोटोतल्या माणसापर्यंत ती पोचत नाही.

कायदाही पोचत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारा. सहसा कर्त्याला मालकी, कर्त्याला नावाचा हक्क. ज्याचा चेहरा आहे त्याला निव्वळ चेहऱ्यापोटी काही नाही. म्हणून श्रेयाची चळवळ जितकी यशस्वी होईल तितका फोटो काढणारा बळकट होईल, आणि फोटोतली बाई जिथे होती तिथेच राहील. अनिल कपूर २०२३मध्ये आणि जॅकी श्रॉफ २०२४मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि त्यांच्या चेहऱ्याला, आवाजाला संरक्षण मिळालं. त्यांच्या चेहऱ्याला बाजारात भाव आहे, म्हणून त्याचं नुकसान न्यायालयाला मोजता येतं. ज्याच्या चेहऱ्याला भाव नाही त्याच्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७च्या पुट्टस्वामी निकालातला खासगीपणाचा मूलभूत हक्क आहे, पण तो घेऊन जिल्ह्याच्या दैनिकाशी भांडायला कोण जातं? प्रेस कौन्सिलकडे तक्रार करता येते. ती समज देऊ शकते, नापसंती व्यक्त करू शकते, दंड करू शकत नाही.

माझी कसोटी प्रत्येक ठिकाणी चालते असा दावा नाही. २०२०च्या मे महिन्यात दिल्लीत रस्त्याकडेला फोनवर रडणाऱ्या स्थलांतरित मजुराचा फोटो आठवा. तो घटनेचा होता आणि चेहऱ्याचाही. तो छापला नसता तर देशाला काहीतरी कळायचं राहून गेलं असतं. तिथे संपादकाने स्वतःच्या विवेकाने ठरवावं, आणि ठरवलं तर त्या माणसाचा शोधही घ्यावा. पण रोज छापले जाणारे फोटो या कोड्यातले नसतात. झाकून वाचलं की बातमीचं एक अक्षरही कमी होत नाही, असे ते असतात.

विचारायचं कुणाला, ही अडचण खरी आहे. बातमीतला माणूस बहुधा मृत असतो. २०२३मध्ये सुशांतसिंह राजपूतच्या वडिलांच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटलं की खासगीपणाचा असा हक्क माणसाबरोबर संपतो, वारसाला मिळत नाही. म्हणजे घरच्यांना विचारा असं कायदा सांगणार नाही. ते वर्तमानपत्रांनाच ठरवावं लागेल, आणि प्रेस कौन्सिलने आपल्या आचारसंहितेत स्पष्ट लिहावं लागेल : चेहऱ्याचा फोटो हयात व्यक्तीच्या, नाहीतर घरच्यांच्या होकाराशिवाय नाही. बातमीदार तसाही रुग्णालयात किंवा घराच्या दारात पोचलेला असतो. तिथे तो मरणाचं कारण विचारतो, नुकसानभरपाई मिळाली का ते विचारतो. फोटो छापू का, एवढं विचारणं त्याला जड नाही. वेळ नव्हता म्हणणाऱ्यांनी पहिल्या आवृत्तीत नाव, वय आणि गाव छापावं, आणि घरच्यांनी दिला तर फोटो दुसऱ्या दिवशी.